३०० पेशंटचे खुबे निकामी झाले, डॉक्टरने ते लपवलं नाही, म्हणून आज आपल्या आज्या चालतायत

आजी बाथरूममध्ये पाय घसरून पडते. एक्स-रे निघतो. डॉक्टर सांगतात, खुब्याचं हाड मोडलंय, बॉल बदलावा लागेल. घरात धावपळ होते, ऑपरेशन होतं आणि एक-दोन दिवसांत आजी वॉकर धरून उभी राहते. मग भेटायला येणारा प्रत्येक जण एक प्रश्न हमखास विचारतो, आत काय टाकलंय? स्टील का टायटॅनियम?

आज हे सगळं इतकं सवयीचं झालंय की त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण १९५० च्या दशकात खुबा झिजलेल्या माणसापुढे फार पर्याय नव्हते. एकतर दुखणं सहन करत काठी घेऊन चालायचं, नाहीतर सांधा कायमचा जखडून टाकायचं ऑपरेशन करून घ्यायचं. दुखणं थांबायचं, पण पाय खुब्यातून वाकायचा नाही.

हे चित्र बदलणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव आहे सर जॉन चार्नली यांचं. इंग्लंडमधले हाडांचे सर्जन. आणि त्यांची गोष्ट वाचली की कळतं, आपण विचारतो तो प्रश्न अर्धाच आहे. स्टील का टायटॅनियम हे ठीक आहे, पण चार्नली यांनी त्याच्या पुढचं विचारलं. आत टाकलेलं स्टील घासणार कशावर?

याच प्रश्नाने त्यांना एकदा जवळपास बुडवलं आणि पुन्हा वर काढलं.

औषधाच्या दुकानातला मुलगा

जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ चा. गाव बरी, इंग्लंडमधल्या लँकेशायर भागातलं. हा कापड गिरण्यांचा मुलूख. सगळीकडे माग, चाकं, पट्टे आणि यंत्रं दुरुस्त करणारे कारागीर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे. वडील केमिस्ट, आई नर्स. मुलगा मँचेस्टरला डॉक्टरी शिकला, १९३५ मध्ये पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या २५ व्या वर्षी, सर्जन लोकांची मानाची एफआरसीएस परीक्षा पास झाला.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० मध्ये चार्नली लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले. डंकर्कच्या माघारीत त्यांनी काम केलं, नंतर त्यांची रवानगी इजिप्तमध्ये झाली. कैरोत असताना त्यांना लष्कराच्या वर्कशॉपचा लळा लागला. मोडलेल्या हाडांना आधार देणाऱ्या पट्ट्या, ऑपरेशनची अवजारं, जे हवं ते कारागिरांसोबत बसून ते बनवून घ्यायचे. डोकं सर्जनचं आणि हात फिटरचे, असा हा माणूस होता. पुढे तर त्यांच्या घरातसुद्धा लेथ मशीन होतं.

युद्धानंतरचा एक किस्सा त्यांचा स्वभाव सांगून जातो. ऑस्वेस्ट्रीच्या हॉस्पिटलमध्ये असताना त्यांना बघायचं होतं की हाडाचा तुकडा नवीन जागी लावला तर तो कसा जगतो. पेशंटवर प्रयोग करणं त्यांना पटेना. त्यांनी एका सहकाऱ्याला गळ घातली आणि स्वतःच्या नडगीवर ऑपरेशन करून घेतलं. जखमेत जंतुसंसर्ग झाला, हाडापर्यंत गेला आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ आली. दुसरा कुणी असता तर अशा प्रयोगांना कायमचा हात जोडला असता. चार्नली यांनी पुढे परत स्वतःवर प्रयोग केला. तो किती महत्त्वाचा ठरला, ते पुढे येतंच.

कुरकुरणारा खुबा

१९४७ मध्ये चार्नली मँचेस्टरच्या रॉयल इन्फर्मरीत रुजू झाले. त्या काळात पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी बनवलेला अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा बॉल खूप गाजत होता. मांडीच्या हाडाचा खराब झालेला गोळा काढायचा आणि तिथे हा प्लास्टिकचा गोळा बसवायचा.

असा बॉल बसवलेला एक पेशंट चार्नली यांच्याकडे आला. त्याच्या खुब्यातून हालचालीबरोबर कुरकुर आवाज यायचा. इतका की त्याची बायको कंटाळून उठून जायची.

ऐकणाऱ्याला हसू येईल. चार्नली मात्र विचारात पडले. दार कधी कुरकुरतं? बिजागरीत तेल नसतं तेव्हा. म्हणजे या सांध्यात घर्षण जास्त आहे. आणि घर्षण जास्त असेल तर प्रत्येक पावलाला तो बॉल हाडातली आपली पकड थोडी थोडी सैल करत असणार. आज आवाज येतोय, उद्या तो हलायला लागणार.

त्यांनी मग निरोगी सांध्यांचा अभ्यास सुरू केला. आपल्या हाडांच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते, ती एकमेकींवर किती सहज घसरते हे त्यांनी मोजलं. उत्तर थक्क करणारं होतं. बर्फावर बर्फ घसरतो, त्याहूनही कमी घर्षण. निसर्गाशी बरोबरी करायची तर अशी जोडी शोधायला हवी होती, जी तेलपाण्याशिवायही सहज घसरेल.

स्टील होतंच, मग अडलं कुठे?

इथे जरा स्टेनलेस स्टीलबद्दल बोलू, कारण ते चार्नली यांच्या आधीपासून शरीरात वापरलं जात होतं.

आपण लोणचं चिनी मातीच्या बरणीत का ठेवतो? मीठ आणि आंबट रस धातूला खातात म्हणून. आपल्या शरीरातही सगळीकडे खारं पाणीच आहे, आणि तेही ३७ अंशांवर. साधं लोखंड तिथे गंजणार. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा बनवतं. तो दिसत नाही, पण आतल्या लोखंडाला झाकून ठेवतो. ओरखडा गेला तर ऑक्सिजन मिळताच पुन्हा तयार होतो.

स्वयंपाकघरातलं स्टील आणि शरीरातलं स्टील मात्र सारखं नसतं. इम्प्लांटसाठी आज जे ३१६एल जातीचं स्टील वापरतात, त्यात क्रोमियम साधारण १७ ते १९ टक्के, निकेल १३ ते १५ टक्के आणि मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असतं. खाऱ्या पाण्यामुळे धातूला बारीक खड्डे पडतात, ते मॉलिब्डेनम रोखतं. नावातला एल म्हणजे कार्बन अगदी कमी. कार्बन जास्त झाला तर तो क्रोमियमला अडकवून ठेवतो आणि गंज लागायला वाट मिळते.

म्हणजे स्टील मजबूत होतं आणि शरीरात टिकतही होतं. मग गोळा आणि वाटी दोन्ही स्टीलचीच का नाही करायची? तेही करून झालं होतं. लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये सहा पेशंटना पूर्ण स्टेनलेस स्टीलचे खुबे बसवले होते. फार यश आलं नाही. नॉर्विचचे मॅकी यांचेही सुरुवातीचे स्टीलचे सांधे लवकर सैल झाले आणि पुढे ते कोबाल्ट-क्रोमियमकडे वळले.

अडचण अशी की स्टीलवर स्टील घासलं की तो संरक्षक पापुद्रा परत परत खरवडला जातो. धातूची भुकटी निघते, पृष्ठभाग ओरबाडला जातो, घर्षण वाढतं. हाडाला आधार देत गप्प बसायचं असेल तर स्टील पट्टीचं. पण स्वतःच्याच जातीवर घासायचं म्हटलं की त्याचं जमत नाही. त्याला वेगळा जोडीदार हवा होता.

टेफ्लॉनची मोहिनी

१९५८ च्या सुमारास चार्नली यांना तो जोडीदार सापडला असं वाटलं. टेफ्लॉन. हो, नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. निसरडं, पांढरं आणि कशाशीही रासायनिक भांडण न करणारं.

मांडीच्या हाडात स्टीलचा गोळा आणि कंबरेच्या हाडात टेफ्लॉनची वाटी, अशी जोडी त्यांनी जमवली. तो गोळा हाडात पक्का कसा बसवायचा? त्यासाठी मँचेस्टरच्या डेंटल स्कूलमधले डेनिस स्मिथ मदतीला आले. दातांच्या कवळ्या ज्या अ‍ॅक्रिलिकच्या बनतात, तेच मिश्रण सिमेंटसारखं वापरायचं ठरलं. फरशी बसवताना खालचा माल जसा सगळीकडून भरला जातो आणि वजन सारखं पसरतं, तसंच हे काम होतं. सिमेंट चिकटवत नाही, फट भरून काढतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी पाहून बाकीचे सर्जन चक्रावले. सुरुवातीचा गोळा चाळीस मिलिमीटरच्या आसपास होता, जवळपास खऱ्या हाडाच्या मापाचा. तो त्यांनी लहान करत करत २२.२२५ मिलिमीटरवर आणला. इंग्रजी मापात पाऊण इंचाहून थोडा जास्त, ७/८ इंच.

का? आपलं जुनं जातं आठवा. खुंटा कडेला असतो म्हणून जातं कमी जोरात फिरतं. खुंटा मधोमध आणला तर ते हलवताना घाम फुटेल. खुब्यात याच्या उलट हवं होतं. वाटी जागची हलायलाच नको होती. गोळा जितका लहान, तितकं घर्षण मध्याच्या जवळ आणि वाटीला फिरवण्याची त्याची ताकद कमी. शिवाय गोळा लहान असला की वाटीची भिंत जाड ठेवता येते. धोका एकच, लहान गोळा निसटू शकतो. तो धोका कमी करण्यासाठी ऑपरेशन अगदी काटेकोर करावं लागायचं.

दरम्यान विगनजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये त्यांनी आपलं बस्तान बसवलं. हे आधी टीबीचं हॉस्पिटल होतं. १९६१ मध्ये तिथे खुब्याच्या ऑपरेशनचं खास केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी लॅन्सेट या प्रसिद्ध मासिकात चार्नली यांचा लेख आला. पेशंट खूश होते. वर्षानुवर्षं कण्हत चालणारी माणसं बिनदुखण्याची चालत होती.

आणि मग एकेक जण परत यायला लागला.

तीनशे जणांचं काय?

टेफ्लॉन निसरडं होतं, पण ते टणक नव्हतं. स्टीलचा तो छोटा गोळा प्रत्येक पावलाला वाटी कोरत चालला होता. दोन-तीन वर्षांत काही वाट्या कित्येक मिलिमीटर झिजल्या. त्याहून वाईट म्हणजे झिजून निघालेली पांढरी भुकटी आजूबाजूच्या मांसात जाऊन बसली. शरीराने तिला शत्रू समजून लढाई सुरू केली. गाठी झाल्या, सूज आली, त्या लढाईत हाडही खाल्लं गेलं आणि खुबे सैल झाले.

तोवर सुमारे ३०० पेशंटमध्ये टेफ्लॉनच्या वाट्या बसवून झाल्या होत्या.

विचार करा, काय अवस्था झाली असेल. ज्या लोकांना आपण चालतं केलं, तेच आपल्या दारात लंगडत येतायत. चार्नली पन्नाशीत होते, नावारूपाला आले होते. दोष पेशंटच्या वजनावर टाकता आला असता, त्यांच्या हाडांवर टाकता आला असता. तसं त्यांनी केलं नाही. पेशंटना परत बोलावून त्यांनी झिजलेल्या वाट्या काढायला सुरुवात केली. प्रत्येक वाटी किती झिजली, हे मोजून ठेवलं.

आणि परत एकदा प्रयोगाला स्वतःचं शरीर दिलं. टेफ्लॉनचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत बसवून घेतले. काही महिन्यांनी तिथे गाठी तयार झाल्या. टेफ्लॉनची भुकटी शरीराला चालत नाही, याचा पुरावा आता त्यांच्या मांडीतच होता. १९६३ मध्ये त्यांनी हे लॅन्सेटमध्ये जाहीरपणे लिहिलं, म्हणजे दुसऱ्या कुणी तीच चूक करू नये.

बॉसने नाही म्हटलं, तरी मशीन चालू ठेवलं

आता गोष्टीत हॅरी क्रेव्हन येतात. ते डॉक्टर नव्हते. राइटिंग्टनच्या वर्कशॉपमधले तंत्रज्ञ होते. वेगवेगळे प्लास्टिक स्टीलवर घासून किती झिजतात, हे तपासायचं मशीन त्यांच्या ताब्यात होतं.

मे १९६२ मध्ये एक विक्रेता त्यांच्याकडे नवीन प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. जास्त घनतेचं पॉलिथीन. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांची दातेरी चाकं त्यापासून बनत होती. दिवसभर दणके खाणारी चाकं, म्हणजे माल चिवट असणार.

क्रेव्हन यांनी तो तुकडा चार्नली यांना दाखवला. चार्नली यांनी अंगठ्याचं नख दाबून पाहिलं, नखाची खूण उमटली. हे काही कामाचं नाही, वेळ घालवू नका, असं सांगून ते निघून गेले. नंतर कोपनहेगनला एका परिषदेसाठी गेले.

क्रेव्हन यांनी ऐकलं आणि तरीही तो तुकडा मशीनवर चढवला.

चार्नली परत आले तेव्हा मशीन रात्रंदिवस फिरत होतं. तीन आठवड्यांत हे पॉलिथीन जेवढं झिजलं होतं, त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं. घर्षण टेफ्लॉनपेक्षा थोडं जास्त होतं, पण झीज नगण्य. चार्नली यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं. ज्याला त्यांनी नखाने नाकारलं होतं, त्याला आता त्यांनी डोळे उघडे ठेवून स्वीकारलं.

पण यावेळी घाई नाही. आधी या पॉलिथीनचे नमुनेही त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून पाहिले. टेफ्लॉनसारखा त्रास दिसला नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलिथीनची वाटी पेशंटमध्ये बसली. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी हा खुबा बाजारात मोकळा सोडला नाही. लीड्सची थॅकरे कंपनी तो बनवायची, पण राइटिंग्टनला येऊन शिकलेल्या सर्जनलाच तो मिळायचा. तीनशे जणांचा धडा ते विसरले नव्हते.

हवासुद्धा धुवून घेतली

एक शत्रू अजून बाकी होता, जंतुसंसर्ग. सुरुवातीला शंभरातल्या सात-आठ पेशंटच्या जखमेत पू व्हायचा. धातू आणि प्लास्टिकवर जंतू बसले की औषधं तिथे नीट पोचत नाहीत, मग सगळा खुबा काढावा लागतो.

चार्नली यांना शंका आली की जंतू ऑपरेशन थिएटरच्या हवेतून येतात. लँकेशायरमधल्याच हॉवर्थ या कंपनीच्या मदतीने त्यांनी थिएटरच्या आत एक छोटी खोली उभारली. तिच्यात गाळलेली हवा सतत वरून खाली सोडली जायची. सर्जनसाठी श्वासाची हवा बाहेर खेचणारे खास पोशाखही बनवले. संसर्गाचं प्रमाण उतरत उतरत एक टक्क्याच्या खाली आलं. आज मोठ्या हॉस्पिटलमध्ये लॅमिनार फ्लो थिएटर असल्याची जाहिरात दिसते, तिचं मूळ इथे आहे.

त्यांनी पेशंटना आणखी एक विनंती केली होती. मृत्यूनंतर तुमचा खुबा आम्हाला अभ्यासाला द्या. लोकांनी आनंदाने होकार दिला. ज्याने चालतं केलं त्याला ते परत करायला कुणाची ना नव्हती. त्या खुब्यांमधून कळलं की वाटी वर्षाला मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढीच झिजतेय.

आणि आज

१९७४ मध्ये चार्नली यांना लास्कर पुरस्कार मिळाला, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १९७७ मध्ये सर ही पदवी. ५ ऑगस्ट १९८२ रोजी ते गेले. बसवून पंचवीस वर्षं झाली तरी त्यांच्या पद्धतीचे बरेच खुबे व्यवस्थित चालू असल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

आता खुब्यासाठी टायटॅनियम आहे, कोबाल्ट-क्रोमियम आहे, सिरॅमिक आहे. टायटॅनियम हलकं असतं आणि हाड त्याला घट्ट धरतं. निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना स्टील टाळावं लागू शकतं. पण स्टील संपलेलं नाही. मोडलेल्या हाडांच्या पट्ट्या, स्क्रू, रॉड यांत ते आजही भरपूर वापरलं जातं, आणि सिमेंटने बसवायच्या काही खुब्यांमध्येही सुधारित स्टील आहे.

त्यामुळे घरात कुणाचा बॉल बदलायची वेळ आली, तर स्टील का टायटॅनियम हे विचाराच. सोबत हेही विचारा, गोळा कशाचा आहे, वाटी कशाची आहे, आणि ही जोडी किती वर्षांपासून, किती लोकांमध्ये तपासली गेली आहे? नवीन माल म्हणजे चांगला माल असं नसतं. टेफ्लॉनही एकेकाळी नवीनच होतं.

हा प्रश्न डॉक्टरांना आवडेल का, अशी भीती बाळगू नका. चार्नली यांनी तो स्वतःलाच विचारला होता. उत्तर चुकलं तेव्हा मान्य केलं, मोजलं, लिहून ठेवलं आणि दुसऱ्यांदा जास्त सावकाश गेले. ऑपरेशननंतर वॉकर सोडून अंगणात फेरी मारणाऱ्या आजीच्या मागे अशी एक फसलेली आणि नीट मोजलेली वाट आहे.